सोसायटीतलं मंदिर, शाळेतली प्रार्थना आणि सरकारी देवस्थानं: घटना नक्की कोणाला अडवते?

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो. घणसोलीतली एक सोसायटी आहे, कमिटीने आरजीच्या, म्हणजे सोसायटीच्या मोकळ्या जागेच्या, कोपऱ्यात छोटं मंदिर बांधायचं ठरवलंय आणि मेंटेनन्सच्या बिलात 'मंदिर निधी' म्हणून दर महिन्याला एक रक्कम लावायला सुरुवात पण केलीय. विरोध करणारे मेंबर म्हणतात देश सेक्युलर आहे, घटनेचं कलम २७ बघा, कोणाकडून धर्मासाठी पैसे घेता येत नाहीत. सेक्रेटरी म्हणतात कलम २५ने आम्हाला हक्क दिलाय, कोण अडवतंय तेच बघतो. आणि विचारणाऱ्यांनी जाता जाता अजून दोन गोष्टी विचारल्यात, मुलीच्या शाळेत रोज एकाच धर्माची प्रार्थना घेतात ती सक्तीची असते का, आणि सरकार सेक्युलर आहे तर मग पंढरपूर-शिर्डी सरकार कसं काय चालवतं.

मी ठाण्यात वकिली करतो, सोसायटी आणि ट्रस्टची मॅटर्स बरीच बघितलीयत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सोसायटीच्या भांडणात दोन्ही पार्ट्यांनी चुकीचं कलम धरलंय. कलम २५ ते २८ वाचताना पहिला प्रश्न हा विचारायचा की समोर कोण आहे, सरकार आहे का शेजारी. मूलभूत हक्क हे मुख्यतः सरकारवर घातलेलं बंधन आहे. सरकार म्हणजे कोण हे कलम १२ मध्ये लिहिलंय, केंद्र, राज्य, महापालिकेसारख्या स्थानिक संस्था, आणि कोर्टांनी त्यात पुढे सरकारी ताब्यातली महामंडळं पण धरली. म्हणजे नवी मुंबई महापालिका सरकार, ठाणे महापालिका सरकार, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको सरकार. तुमची सहकारी गृहनिर्माण संस्था यात बसत नाही. ती मेंबर लोकांची खाजगी संस्था आहे, १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली रजिस्टर झाली म्हणून ती सरकार होत नाही. त्यामुळे सेक्रेटरीसाहेबांना 'कलम २७ मोडलं' म्हणून हायकोर्टात खेचता येणार नाही, तसंच सेक्रेटरींना पण कलम २५ दाखवून दुसऱ्या मेंबरच्या खिशात हात घालता येत नाही. त्यांचा हक्क सरकारविरुद्ध आहे, फ्लॅट नंबर ३०२ विरुद्ध नाही.

मग विरोधकांनी गप्प बसायचं का? मुळीच नाही, उलट साध्या कायद्यात त्यांची बाजू जास्त भक्कम आहे. बायलॉजमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, मेंटेनन्सची हेड्स ठरलेली असतात, प्रॉपर्टी टॅक्स, पाणी, सिंकिंग फंड, रिपेअर फंड, सर्व्हिस चार्जेस वगैरे. 'मंदिर निधी' असं हेड त्यात नाही. कमिटी सहसा 'इतर चार्जेस'च्या आडून हे घुसवते आणि जनरल बॉडीत ठराव झालाय म्हणून सांगते. ठराव बहुमताने झाला म्हणून सोसायटीच्या कामाशी संबंध नसलेला खर्च सगळ्यांच्या बोकांडी मारता येतो का, हा वाद सहकार न्यायालयात सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली नेता येतो, आणि त्याच्या आधी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. वर्गणी ऐच्छिक ठेवा, वेगळी पावती फाडा, वेगळा हिशोब ठेवा, असं मी प्रत्येक कमिटीला सांगतो. ज्या सोसायट्यांनी हे ऐकलं तिथे गणपती, ईद मिलन, ख्रिसमस सगळं मजेत चालतं आणि वर्गणी पण जास्तच जमते, कारण जबरदस्ती नाही म्हटल्यावर लोक हात सैल सोडतात.

दुसरा मुद्दा जागेचा. आरजी म्हणजे मंजूर प्लॅनमध्ये मोकळी दाखवलेली जागा, ती सगळ्या मेंबरांची. तिथे कायमस्वरूपी बांधकाम करायचं तर महापालिकेची परवानगी लागते, मग ते मंदिर असो नाहीतर जिम असो. वर नवी मुंबईत बऱ्याच सोसायट्यांची जमीन सिडकोकडून लीजवर आहे, लीजमध्ये वापर काय लिहिलाय ते पण बघावं लागतं. परवानगी न घेता बांधलं तर एमआरटीपी, म्हणजे नगररचना कायद्याची नोटीस येते, आणि त्या नोटिशीला 'हे देवाचं काम आहे' हे उत्तर चालत नाही. मूर्तीची प्रतिष्ठापना झाल्यावर तोडायला कोणी येत नाही असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. पावण्याला एमआयडीसीच्या जागेवरचं बावखळेश्वर मंदिर आठवा, केवढं मोठं, किती वजनदार माणसं मागे, तरी हायकोर्टाच्या आदेशावर २०१८ मध्ये तोडलंच. सार्वजनिक जागांसाठी तर सुप्रीम कोर्टाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेशच आहे, रस्ता, बाग, सार्वजनिक जागेवर नवीन अनधिकृत मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा काहीही होता कामा नये. चारही नावं एका दमात घेतलीयत, कारण नियम सगळ्यांना एकच. तो आदेश तुमच्या कंपाउंडच्या आतल्या जागेला थेट लागू होत नाही हे पण खरं, तिथे प्लॅन आणि लीज बघायचं.

आणि एक गोष्ट लोक विसरतात ती दानपेटी. मंदिर बाहेरच्यांना खुलं केलं, पेटी ठेवली, लोक पैसे टाकायला लागले की हळूहळू तो सार्वजनिक ट्रस्ट व्हायच्या दिशेने जातो आणि मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, विश्वस्त, ऑडिट सगळं मागे लागतं. पेटीची चावी सेक्रेटरींकडे का खजिनदारांकडे यावरून तुटलेल्या सोसायट्या मी बघितल्यात, त्या भांडणात धर्म नावालाही नव्हता.

शेजारी आणि सरकार हा फरक जिथे खरोखर बोचतो ते पण सांगून टाकतो, कारण याच प्रश्नातून ते निघतं. अमुक धर्माच्या माणसाला फ्लॅट विकायचा नाही असं सोसायटी म्हणू शकते का? आपल्या सहकार कायद्याचं कलम २३ म्हणतं पुरेसं कारण नसताना सभासदत्व नाकारता येणार नाही, आणि धर्म हे पुरेसं कारण नाही असंच माझं मत. पण सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या केसमध्ये फक्त पारशांना सभासदत्व देणारा बायलॉ वैध धरलाय, कारण तेच, सोसायटी सरकार नाही, तिच्यावर घटनेच्या कलम १५ची, म्हणजे धर्म-जात बघून भेदभाव करायचा नाही ही, बंधनं तशीच्या तशी येत नाहीत. मला हा निकाल पटत नाही. पण तो आहे. तुमच्या छापील मॉडेल बायलॉजमध्ये अशी काही अट नसते, त्यामुळे कमिटीने तोंडी 'आमच्याकडे चालत नाही' म्हटलं तर त्याला काडीचा आधार नाही, उपनिबंधकांकडे अपील करा. घटनेत शेजाऱ्यालाही थेट लागू होणाऱ्या गोष्टी आहेत पण मोजक्याच, कलम १७ची अस्पृश्यताबंदी आणि कलम १५(२), म्हणजे दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव इथे कोणाला धर्म-जात बघून अडवायचं नाही.

आता सरकारकडे येऊ. हा भाग जास्त रंजक आहे आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त गोंधळ याच्यातच असतो.

'सेक्युलर म्हणजे सरकारने धर्मापासून लांब राहायचं' हे आपण अमेरिकेकडून ऐकलेलं वाक्य आहे. तिथे १७९१च्या पहिल्या दुरुस्तीत सरकारने कुठलाही धर्म प्रस्थापित करायचा नाही असं सरळ लिहिलंय. आपल्या घटनेत तसं एक सरळ वाक्य नाहीच. 'सेक्युलर' हा शब्दच प्रस्तावनेत १९७६ ला ४२व्या दुरुस्तीने आला, १९४८ मध्ये घटना समितीत के. टी. शहांनी तो घालायची सूचना मांडली होती ती आंबेडकरांनी विरोध केल्यावर फेटाळली गेली. पण म्हणून लगेच 'बघा बघा, मुळात सेक्युलर नव्हतंच' असं नाचू नका, कारण त्याच घटना समितीत ऑक्टोबर १९४९ मध्ये ह. वि. कामथांनी प्रस्तावनेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी म्हणून दुरुस्ती मांडली, मतदान झालं आणि ४१ विरुद्ध ६८ने ती पडली. समितीत देव मानणारेच जास्त होते. तरी पडली. पुढे १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सुप्रीम कोर्टाने धर्मनिरपेक्षता ही घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे म्हणून शिक्का मारला, आणि शब्द काढून टाका म्हणणाऱ्या याचिका नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या.

मग आपल्याकडची पद्धत काय? सरकारला धर्माच्या वहीखात्याला हात लावता येतो, श्रद्धेला नाही. कलम २५ प्रत्येक व्यक्तीला, फक्त नागरिकाला नाही, आपल्या मनाप्रमाणे धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि बाकीचे मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून. आणि लगेच पुढे सरकारला दोन दारं उघडी ठेवलीयत, धर्माशी जोडलेले आर्थिक-राजकीय असे ऐहिक व्यवहार नियंत्रित करायचे कायदे, आणि समाजसुधारणेचे कायदे, ज्यात हिंदू देवळं सगळ्या जातींना खुली करणं आलं. कलम २६ पंथांना आपल्या धार्मिक बाबी आपण बघायचा हक्क देतं, आणि मिळकतीचा कारभार पण, पण तो 'कायद्यानुसार'.

ही रेघ कुठे मारायची ते मार्च १९५४ मध्ये ठरलं, आणि यातली एक केस आपल्या मुंबई राज्याचीच आहे. एक दक्षिणेतली शिरूर मठाची, दुसरी रतिलाल गांधींची, ते एका जैन मंदिराचे वहिवाटदार होते आणि १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यालाच त्यांनी आव्हान दिलं होतं. हाच तो कायदा ज्याखाली आजही ठाण्यातलं धर्मादाय कार्यालय चालतं, आता नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झालंय इतकंच. कोर्टाने सांगितलं नोंदणी करा, हिशोब दाखवा, ऑडिट करा, हे सरकार सांगू शकतं. पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त म्हणून नेमायची तरतूद होती ती उडवली. कारभारावर देखरेख चालेल, कारभार कायमचा हिसकावून घेणं चालणार नाही. आणि विधी, पूजा, कर्मकांड हेही श्रद्धेइतकंच धर्मात येतं, ते 'ऐहिक' म्हणून सरकारच्या ताब्यात जात नाही.

मग पंढरपूर? तिथे १९७३च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, चार दशकं खटला चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टात बडवे हरले. गंमत म्हणजे त्याच महिन्यात तामिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराचे पुजारी, दीक्षितार, सरकारविरुद्ध जिंकले. तेव्हा अनेकांनी मला विचारलं, एकाला एक न्याय दुसऱ्याला दुसरा का. कारण असं की दीक्षितारांना कोर्टाने आधीच स्वतंत्र पंथ मानलं होतं, म्हणजे कलम २६चं कवच त्यांच्याकडे होतं, आणि कोर्ट म्हणालं गैरकारभार झाला तर सरकारने तात्पुरतं यावं, दुरुस्त करावं आणि निघून जावं. बडव्यांचा दावा वंशपरंपरेच्या वहिवाटीचा आणि उत्पन्नाचा होता, आणि विठोबा तर अठरापगड वारकऱ्यांचा. माझ्या मते निकाल योग्यच होता. शिर्डीचा २००४चा कायदा, सिद्धिविनायकाचा १९८०चा कायदा, हे पण याच धाटणीचे, समिती सरकार नेमतं. आता त्या समित्यांवर कोणाची वर्णी लागते हे आपण सगळे बघतोच. पण राजकीय नेमणुका ही कारभाराची तक्रार आहे, ती घटनेचा प्रश्न म्हणून मांडली की कोर्टात टिकत नाही. 'सरकार फक्त देवळंच घेतं' हा आक्षेपही नेहमी येतो. आपला १९५०चा विश्वस्त कायदा सगळ्या धर्मांच्या सार्वजनिक ट्रस्टसाठी केला होता, वक्फला पुढे वेगळा कायदा आणि वेगळं बोर्ड आलं. पण देवस्थानांची समितीच सरकारने नेमायची हे मुख्यतः हिंदू देवळांच्या बाबतीत झालं हे खरं आहे, आणि चिदंबरमचा निकाल नीट वापरला तर त्यावर भांडायला जागा आहे.

आषाढीची शासकीय पूजा मुख्यमंत्री करतात ते चालतं का हा प्रश्न दरवर्षी येतो. माणूस म्हणून मुख्यमंत्र्याला कलम २५ आहेच. सरकारी इतमामात करणं हे रूढीने चालत आलंय, शुद्ध तत्त्वाने बघितलं तर जरा खटकतं, पण यासाठी कोर्टात जाऊन काही हाती लागेल असं मला वाटत नाही.

पैशाचं काय? कलम २७ म्हणतं एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा पोषणासाठी खास राखून ठेवलेला कर कोणाकडून सक्तीने घेता येणार नाही. नीट वाचा, 'कर' आणि 'खास राखून ठेवलेला'. म्हणून तुमच्या सोसायटीच्या निधीला हे लागत नाही, तो करच नाही. आणि म्हणूनच हज सबसिडीविरुद्धची याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली, कोर्ट म्हणालं करातला मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी जात असेल तरच कलम २७चा भंग. वर्षभराने दुसऱ्या एका केसमध्ये कोर्टानेच ती सबसिडी दहा वर्षांत हळूहळू बंद करा सांगितलं आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. कुंभमेळ्याचा बंदोबस्त, वारीतले टँकर आणि फिरती शौचालयं, सिडकोने सगळ्या धर्मांच्या ट्रस्टना लीजवर दिलेले प्लॉट, हे सगळं याच कारणाने चालून जातं. इथे खरा प्रश्न कलम १४चा, म्हणजे समानतेचा असतो, एकाला दिला तर त्याच अटीवर दुसऱ्याला का नाही. सिडकोच्या प्लॉटबद्दल तक्रार असेल तर कलम २७ सोडा, निविदा कशी निघाली आणि दर काय लावला ते माहिती अधिकारात काढा.

शाळेचं उत्तर छोटं आहे. महापालिकेची शाळा, म्हणजे पूर्ण सरकारी पैशावरची, तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही, कलम २८(१). अनुदानित किंवा मान्यताप्राप्त खाजगी शाळेत देता येतं, प्रार्थनाही घेता येते, पण पालकांच्या संमतीशिवाय मुलाला बसवता येत नाही, २८(३). धर्मांविषयी माहिती शिकवणं वेगळं, ते २००२च्या अरुणा रॉय केसमध्ये मान्य झालंय, म्हणजे पुस्तकात ज्ञानेश्वर आले, येशू आले, पैगंबर आले म्हणून तक्रार करायला जाऊ नका. नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली होती, २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं अशी सक्ती करता येत नाही. आणि केरळची १९८६ची बिजो इमॅन्युएल केस तर प्रसिद्धच आहे, राष्ट्रगीताला आदराने उभी राहिलेली पण धर्मामुळे न गाणारी तीन मुलं, त्यांना शाळेतून काढलेलं, सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. तुम्ही मुख्याध्यापकांना एक साधं पत्र द्या की आमची संमती नाही, मुलगी तेवढा वेळ वर्गात बसेल. भांडणाचा सूर नको, मुलीला त्याच शाळेत राहायचंय.

लाऊडस्पीकरबद्दल विचारलं नव्हतं पण मंदिर झालं की तो येणारच म्हणून आत्ताच सांगतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ बंद, वर्षातले काही मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, जास्तीत जास्त १५. ठाण्यातल्याच एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायमूर्ती ओक, जे स्वतः ठाण्याचे, यांच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की लाऊडस्पीकर लावणं हा कुठल्याच धर्माचा मूलभूत हक्क नाही. रस्त्यावरच्या मंडपांचा मुद्दाही त्याच याचिकेत होता. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या केसमध्ये हायकोर्टाने स्पीकरबद्दल हेच परत सांगितलं. भोंगा असो, आरती असो, डीजे असो, मीटर एकच.

आता तुम्ही प्रत्यक्षात काय करायचं. मेंटेनन्स भरणं पूर्णपणे थांबवू नका, ही चूक बहुतेक जण करतात, मग सोसायटी तुम्हाला थकबाकीदार दाखवते, वसुलीचा दाखला काढते आणि कमिटीवर उभं राहायचा मार्गही बंद होतो, मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. मंदिर निधी वजा करून बाकी रक्कम वेळेवर भरा आणि सोबत पत्र द्या की ही रक्कम मला मान्य नाही, पोच घ्या. ज्या जनरल बॉडीत ठराव झाला तिचा अजेंडा आणि मिनिट्सची कॉपी मागा, अजेंड्यावर विषय नसताना ऐनवेळी ठराव घेतला असेल तर तो तिथेच लंगडा पडतो, आणि मिनिट्समध्ये 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं असेल आणि तुम्ही हात वर करून विरोध केला असेल तर मिनिट्स हातात पडल्या पडल्या लेखी हरकत घ्या, वर्षभराने आठवून उपयोग नाही. मंजूर प्लॅनची कॉपी महापालिकेच्या नगररचना विभागातून काढा. आणि हे सगळं घेऊन उपनिबंधकांकडे जायच्या आधी एकदा सेक्रेटरींसोबत चहा घ्या आणि त्यांना ऐच्छिक वर्गणी, वेगळी पावती, आणि बांधकामाऐवजी सोसायटी ऑफिसातला देव्हारा एवढ्यावर येतात का बघा, दहातली सात भांडणं मी तिथेच मिटताना बघितलीयत, उरलेल्या तिनांची फी आम्हाला मिळते.